काळीज

खाटिकाच्या दुकानात जाऊन 'काळीज द्या' असे म्हटले तर तो यकृत तोलून देतो. कवीच्या दारी जाऊन तेच मागितले तर हृदय मिळते. आमच्या मराठीने एका शब्दात हे दोन अवयव कसे नांदविले, याचा निर्णय शब्दशास्त्रज्ञांनी करावा. आम्ही मराठीचे साधे अध्यापक. परंतु हे नाव ठेवणाऱ्या पूर्वजांस शरीराची जाण आमच्याहून काही कमी नसावी, असे अलीकडे आम्हांस वाटू लागले आहे. हृदय तसे बोलके. ते भीतीने धडधडते, आनंदाने उसळते, दमल्यास छातीत कळ काढून आपले म्हणणे मालकाच्या कानावर घालते. बरगड्यांखाली उजव्या अंगास बसलेले हे दुसरे काळीज मात्र मुके आहे. त्याचे वजन सुमारे दीड किलो, मिनिटागणिक त्यातून दीड लिटरच्या आसपास रक्त वाहते, खाल्लेल्या अन्नाचे बरेवाईट तेच निवडते. आणि इतके करून ते कधी दुखत नाही. त्याच्या गाभ्यात वेदना जाणणारे मज्जातंतूच नाहीत; आहेत ते केवळ वरच्या आवरणात. या मुकेपणावर विसंबून माणूस किती निर्धास्तपणे जगतो आणि पुढे त्याचे काय होते, हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. आमच्या भडगावच्या घरी शिकलो.

ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्या आमच्या थोरल्या चुलतबंधूंची, आप्पांची, अनुज्ञा आम्ही मागितली होती. ते म्हणाले, "लिही. पण प्रोफेसरासारखे लिहू नकोस, खरे लिही." ही अट आम्ही यथाशक्ति पाळीत आहो.

चाळीसगावाहून पाचोऱ्याकडे रेल्वेने निघाले की वाटेत काजगावचे स्थानक लागते. तेथे उतरून भडगावास जावयाचे. गिरणेच्या काठी आमची केळी आणि कापूस. आप्पांनी शेतकीची पदवी घेतली आणि नोकरीच्या मागे न लागता ते घरच्या मळ्यात उभे राहिले. आमच्या लहानपणी शाळेत जाताना आमचे दप्तर त्यांच्या खांद्यावर असे. पुढे आमच्या शिक्षणाचा भारही त्या खांद्यांनी काही काळ वाहिला. गावात शब्दाला वजन, व्यवहारात चोख, घरी आल्यागेल्यास कळण्याची भाकरी आणि भरीत वाढल्याशिवाय जाऊ न देणारे, असे हे गृहस्थ. दारूबाज म्हटला म्हणजे जे चित्र सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचा एकही रंग त्यांच्या ठायी नव्हता. ते कधी झिंगले नाहीत, कोणास अपशब्द बोलले नाहीत, रस्त्यात पडले नाहीत. केळीचे घड कापून मालमोटारी रवाना झाल्या की व्यापाऱ्याबरोबर बैठक बसे. ती आधी महिन्याची होती, मग आठवड्याची झाली आणि २००२ सालच्या सुमारास केव्हातरी रोजची झाली. रात्री जेवणापूर्वी एक क्वार्टर. कधी तिच्यावर आणखी थोडी.

यात आमचा वाटा आहे, तो आधी कबूल करितो. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भडगावास जात असू तेव्हा पिशवीत पुस्तकांबरोबर शहरातून आणलेली एक बाटली असे. माळवदावर बसून आम्ही आप्पांस व्याख्यान देत असू. फ्रान्सातील लोक चरबीयुक्त अन्न खाऊनही हृदयरोगापासून बचावतात, कारण ते द्राक्षमद्य घेतात. थोडे घेतले तर प्रकृतीस ते पोषकच होय. असा तो सिद्धांत १९९०नंतरच्या दशकात इंग्रजी नियतकालिकांतून फार गाजत होता आणि आम्ही तो मोठ्या ऐटीने भडगावापर्यंत वाहून नेला. आप्पांनी आमच्या व्याख्यानातील 'थोडे' हा एक शब्द तेवढा गाळला आणि बाकीचे सर्व ध्यानात ठेविले. वहिनी काही बोलू लागल्या की ते म्हणत, "अगं, प्रोफेसरानेच सांगितले आहे." २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. आमच्या घरापुरता तो खुलासा फार उशिरा आला.

आप्पांची क्वार्टर आपण हिशेबाने पाहू. ती १८० मिलिलिटरची. तीत मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४२·८, म्हणजे वजनाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. निरोगी यकृत ताशी सात ते दहा ग्रॅम एवढाच मद्यार्क निकालात काढू शकते. म्हणजे रात्री नऊला रिकामा केलेला पेला पहाटेपर्यंत त्या बिचाऱ्यास राबवितो. मालक निजलेला असतो, गडी रात्रपाळी करीत असतो. प्रथम तो मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड नावाच्या त्याहूनही जहाल द्रव्यात रूपांतर करतो आणि मग त्या द्रव्याची वासलात लावतो. हे विष आधी काढून टाकावयाचे म्हणून चरबी जाळण्याचे नित्याचे काम त्यास बाजूला ठेवावे लागते. ती चरबी त्याच्याच पेशींत साचत जाते. रोज ६० ग्रॅम आणि अशी दहा-पंधरा वर्षे, हे पुरुषाच्या यकृतास उघड धोक्याचे प्रमाण मानले जाते. स्त्रीस त्याहून पुष्कळ कमी मद्यही तितकाच अपाय करते. पेय देशी की विलायती, स्वस्त की महाग, हा भेद पिणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा आहे. यकृतास तो कळत नाही.

या रोगाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली चरबी साचण्याची. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्या बहुतेक सर्वांचे यकृत या पायरीवर येतेच; पण येथून परतता येते. दारू सोडली तर काही आठवड्यांत चरबी ओसरते. दुसरी पायरी दाहाची. हिच्यात कावीळ होते, ताप येतो आणि प्रसंगी प्राणही जातात. तिसरी पायरी सिरोसिसची. तीत मेलेल्या पेशींच्या जागी कठीण तंतूंचे जाळे विणले जाऊन यकृत गाठाळ व आकसलेले होते. स्टेथास्कोपचा जनक फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१९ साली आपल्या ग्रंथात अशा यकृताच्या पिंगट-पिवळ्या रंगावरून ग्रीक शब्द घेऊन हे नाव ठेविले. दीर्घकाळ अतिपान करणाऱ्यांपैकी शेकडा दहा ते वीस माणसे या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचतात. बाकीचे वाचतात, आणि हे वाचलेले लोकच घात करतात. 'अमके काका रोज घेत आणि ऐंशी वर्षे जगले,' हा पुरावा प्रत्येक कुटुंबात तयार असतो. गेलेल्यांना साक्ष देण्यास येता येत नाही.

आमच्या घरी काय घडत होते? आप्पांची भूक गेली. ते 'पित्त' ठरले. तळहात लालसर दिसू लागले. ते उन्हातान्हात काम केल्याने. संध्याकाळी पावले सुजत. ते मळ्यात उभे राहिल्याने. पुढे डोळे पिवळे झाले. तेव्हा शेजारच्या गावी नेऊन चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरविली; पाणी पिवळे झालेले पाहून सर्वांना हायसे वाटले. आम्ही त्या वेळी घरी होतो. आम्हांस कारण ठाऊक होते, घरातील प्रत्येकास ठाऊक होते. पण 'दारू' हा शब्द त्या चार भिंतींत कोणी उच्चारला नाही. घराण्याची अब्रू, मुलीचे जमत आलेले लग्न, आप्पांचे उपकार, अशी त्या मौनाची सोज्वळ कारणे होती. आम्ही सुशिक्षित लोक दारूचे व्यसन सातपुड्यातील मोहाच्या भट्ट्यांपाशी नेऊन ठेवतो आणि स्वतः निष्कलंक राहतो. परंतु १९३८च्या सुमारास याच खानदेशात, तळोद्याजवळ मोरवड येथे गुला महाराजांच्या आरतीस हजारोंनी भिल्ल बांधव जमत आणि दारू सोडण्याचा त्यांचा उपदेश घेऊन घरी जात, हे आम्ही विसरतो. त्या लोकांनी आपले व्यसन चारचौघांत बोलून दाखविले होते. आमच्या माडीवर तेवढे धैर्य नव्हते.

२०१७च्या दिवाळीनंतर आप्पांचे पोट पाण्याने फुगले. जळगावास रुग्णालयात नेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी प्रथम विचारले, "हे दारू किती घेतात?" आम्ही सर्वांत शिकलेले, म्हणून उत्तर देण्याचा मान आमचा. आम्ही म्हणालो, "कधीमधी." आमच्या मागे थोरले काका होते, जावई होते, सर्वांनी मान डोलाविली. डॉक्टर लिहिण्यासाठी खाली वाकले, तोच दारापाशी उभ्या असलेल्या वहिनी पुढे आल्या. चारचौघांत पुरुषांच्या बोलण्यात पडणे त्यांच्या वळणात नव्हते. त्या म्हणाल्या, "कधीमधी नही, डाक्टरसाहेब. रोज पेतस. पंधरा वरीस व्हई गयात."

खोलीत कोणी बोलेना. डॉक्टरांनी लिहिलेले खोडले आणि नव्याने लिहिले. आमच्या पदव्यांनी जे झाकले होते ते अहिराणीतील तीन वाक्यांनी उघडे केले.

त्या उत्तराचे मोल तिसऱ्या दिवशी कळले. आप्पांच्या हातांना कंप सुटला, अंग घामाने भिजले, आणि गिरणेला पूर आला, केळी वाहून चालली, असे ते ओरडू लागले. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली म्हणजे दोन-चार दिवसांत असा भ्रम होतो, झटकेही येतात, आणि वेळी ते प्राणावर बेतते. वहिनींनी खरे सांगितले होते म्हणून डॉक्टर सावध होते; औषधयोजना तयार होती. 'कधीमधी' या आमच्या शब्दावर उपचार चालले असते तर काय झाले असते, हा विचार आजही आमची झोप उडवितो. यासाठीच वाचकांस सांगणे आहे की, जुन्या व्यसनी माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडण्याचे साहस करू नये. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे.

जळगावाहून परतल्यावर आम्ही वर्गात 'एकच प्याला' शिकविण्यास उभे राहिलो. गडकऱ्यांचे हे नाटक रंगभूमीवर आले १९१९च्या फेब्रुवारीत, बडोद्यास. लेनेकने रोगाचे नामकरण केल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती. नाटककार त्यापूर्वी महिनाभर आधीच निवर्तले होते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्रास रडविले. तळीरामाच्या रोगशय्येभोवती डॉक्टर आणि वैद्य यांची जी जुंपते, तिने हसविलेही. तीस वर्षे आम्ही मुलांना 'सिंधूचा सोशिकपणा' या विषयावर टिपण लिहून देत आलो. मागे एकदा एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, सिंधू इतकी सोशीक नसती तर?" आम्ही उत्तर दिले होते, "तर नाटक झाले नसते." वर्ग हसला होता, आम्हांसही आपले उत्तर मार्मिक वाटले होते. या खेपेस ते आठवून आमची मान खाली गेली. नाटक झाले नसते हे खरे. पण एक घर उभे राहिले असते. यकृत हे शरीरातील सिंधूच होय. ते मुकाट सोसते, सोसल्याचे कोणास कळू देत नाही, दोन-तृतीयांश कापून टाकले तरी पुन्हा वाढून उरल्या संसारास लागते. आणि त्याची तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा तिसरा अंक संपलेला असतो. अवयवास वाचा नाही, हा त्याचा दोष नव्हे. घरच्या माणसांस वाचा असून ती मिटून बसतात, आणि आम्ही त्यास सद्गुण म्हणून गुण देतो.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. मुंबईच्या डॉक्टरांनी यकृतारोपणाचा विचार करावयास सांगितले. आपल्या देशात बहुतेक वेळा हे यकृत जिवंत नातलगाचेच असते. १९९४च्या कायद्याने जवळच्या आप्तास आपल्या यकृताचा भाग देता येतो. खर्च लाखांच्या घरात. आमचा पुतण्या, आप्पांचा एकुलता मुलगा, पुण्यास अभियंता आहे. वय तेव्हा एकोणतीस. तो एका शब्दाने पुढे आला. रक्तगट जुळला. मग त्याच्या यकृताची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी कागद बाजूला ठेविला. त्याचेही यकृत चरबीने भरले होते. बापाला द्यावयाचे ते देण्याजोगे राहिले नव्हते.

डॉक्टरांनी तोच प्रश्न केला, "तुम्ही किती घेता?" वहिनी शेजारी बसल्या होत्या. मुलाने एकवार आईकडे पाहिले. "शनिवार-रविवार मिळून सहा-सात बाटल्या बिअर. स्ट्रॉंग." आठ टक्के मद्यार्काची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅम, सहा बाटल्या म्हणजे दोन दिवसांत बापाच्या चार क्वार्टरी. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे,' हे वाक्यही त्याने कोठेतरी ऐकले असेल. कोणाच्या तोंडून, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. वहिनी रडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "खरं बोलला ना, मग आता वाचशील."

आरोपणापूर्वी आप्पांनी सहा महिने दारूपासून दूर राहून दाखवावे, असे ठरले. बापलेकांचे पथ्य एकाच दिवशी सुरू झाले. आप्पांच्या ताटातील मीठ गेले. भरितावाचून ज्यांचा हिवाळा गेला नाही त्यांनी बिनमिठाचे भरीत गिळावयास शिकले. डाळ, अंडी, दूध भरपूर. रात्री निजण्यापूर्वी पुन्हा काही खाणे, कारण असे यकृत रात्रभराचा उपास सोसू शकत नाही. मध्यंतरी पाच आठवडे ते व्यसनमुक्ती केंद्रात राहिले. पुण्यास 'मुक्तांगण' १९८६ साली निघाले, तेव्हापासून असे साहाय्य मराठी माणसास दुर्लभ राहिलेले नाही; दुर्लभ आहे ते घेणाऱ्याचे मन. भारत सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत मद्यपींची संख्या सुमारे १६ कोटी व मदतीची गरज असलेल्यांची सुमारे ५·७ कोटी दिली आहे. आणि दारूच्या आधीन झालेल्या अडतिसांपैकी एकासच काही उपचार लाभतो असे म्हटले आहे. उरलेल्या सदतीस घरांत काय चालले असेल, हे आम्ही जाणतो. तेथे कोणी प्रोफेसर 'कधीमधी' म्हणत असेल.

तीन महिन्यांनी मुलाची तपासणी झाली. यकृत निर्मळ निघाले. सहा महिन्यांनी आप्पांची झाली. कठीण झालेले तंतू मऊ झाले असे नाही. पण पोटातील पाणी गेले, कावीळ ओसरली, आणि डॉक्टर म्हणाले की तूर्त आरोपणाची आवश्यकता नाही. आता पेला हातात धरला नाही तर हे यकृत आहे त्या भांडवलावर संसार करील. सिरोसिसच्या पायरीवरही दारू सोडणे व्यर्थ नसते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण अशा यकृतात पुढे कर्करोग उद्भवण्याचे भय राहतेच. आप्पा तारीख चुकवीत नाहीत.

२०१८ची आखाजी आम्ही भडगावास केली. माहेरवाशिणी झोक्यावर होत्या, खापरावर मांडे पडत होते, आमरसाचे पातेले भरलेले होते. बापलेक एका पंगतीस बसले. जेवणे झाल्यावर आम्ही माळवदावर गेलो. या खेपेस पिशवीत बाटली नव्हती. पण ती शहरातील आमच्या कपाटात होती, हे आम्हांस ठाऊक होते. सुपारी देण्यासाठी वहिनी वर आल्या. त्यांनी तबक खाली ठेविले आणि सहज विचारावे तसे विचारले, "आणि भाऊजी, तुम्ही किती घेता?"

आम्ही "कधी—" असे म्हणालो आणि 'मधी' हा शब्द घशातच राहिला. आप्पा आमच्याकडे पाहत होते. मग आम्ही बोटांवर मोजून खरा आकडा सांगितला. तो येथे छापण्याइतका मोठा नाही. परंतु आजवर लपविण्याइतका होता खास.